जुना मिनी ट्रॅक्टर घेताना इंजिनाच्या आवाजाला भुलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन एकर जागा, त्यातली निम्मी उताराची. थोडी झाडं, भरपूर गवत, घरापर्यंत येणारा कच्चा रस्ता. २२ एचपीचा, फोर व्हील (चारही चाकांना जोर मिळणारा), पुढे लोडर म्हणजे माती उचलायची बकेट बसवलेला एक जुना जपानी मिनी ट्रॅक्टर तुम्हाला पसंत पडलाय. मीटरवर ९०० तास आहेत, रंग ताजा आहे, आणि इंजिनाचा आवाज ऐकून माल चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

इंजिनाचं सांगतो, पण नंतर. कारण ज्याला त्याला इंजिनच ऐकायचं असतं आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो इंजिन धुतो, ऑइल बदलतो, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवतो. या ट्रॅक्टरांची तीन सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी डिझेल इंजिनं मुळात चिवट असतात. वेळेवर ऑइलपाणी झालेलं इंजिन काही हजार तास कुरकुर करत नाही, आणि बिघडलंच तर नोझल (डिझेल फवारणारा भाग), फ्यूल पंप, हेड हे सगळं बॉनेट उचललं की समोर असतं. घेणाऱ्याचा खिसा रिकामा होतो तो इंजिनाच्या मागे आणि खाली: क्लच, गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी उचल).

त्याचं कारण ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. ट्रकला चॅसी असते, तिच्यावर इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा बसवलेला असतो. बहुतेक ट्रॅक्टरांना अशी चॅसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) हे ओतीव लोखंडाचे डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. त्यामुळे साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध दोन तुकडे करावा लागतो. पुढे लोडर असेल तर आधी तो उतरवा, मग वायरिंग, डिझेलच्या नळ्या, स्टिअरिंग, हायड्रॉलिकचे पाइप सोडवा, दोन्ही अर्ध्यांना टेकू द्या आणि मग कुठे प्लेट दिसते. पार्ट हाताच्या पंजाएवढा आणि मजुरी दोन-तीन दिवसांची. म्हणून कुठलाही दोष दिसला की मी स्वतःला एवढंच विचारतो, तिथवर पोचायला काय काय उघडावं लागेल? स्टार्टर मेला असेल तर दोन बोल्ट. गिअरबॉक्सच्या पुढचं सील गळत असेल तर अख्खा ट्रॅक्टर.

मी स्वतः यात तोंड पोळून घेतलंय. या कामात दहा-बारा वर्षं मुरल्यावर एक ट्रॅक्टर घेतला. रंग चकाचक, एका सेलात चालू, धुराचं नाव नाही. क्लच हाउसिंगच्या तळाला एक बारीक भोक असतं आणि बऱ्याच ट्रॅक्टरांना त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत ठेवलेली असते. ट्रॅक्टरच्या थरथरीने ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. क्लच कोरडा असतो, तिथे तेल शिरलं तर ते या भोकातून ठिबकावं आणि मालकाला कळावं, एवढ्याचसाठी ही सोय. त्या ट्रॅक्टरची पिन गायब होती, भोकात सिलिकॉन भरलं होतं आणि वरून रंगाचा हात फिरवला होता. मी खाली वाकून पाहिलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात चढावर क्लच घसरायला लागला. उघडल्यावर इंजिनाचं मागचं सील गेलेलं, प्लेट तेलाने भिजलेली. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच.

तेव्हापासून नवा रंग दिसला की मी आधी जमिनीवर पाठ टेकवून खाली शिरतो. तुम्हीही तेच करा. एक जाड कापड, टॉर्च आणि एक पांढरा कागद न्या. भोक शोधा, पिन हलवून बघा, खाली कागद ठेवा. काळं तेल आलं तर इंजिनाचं मागचं सील, पिवळसर आणि गिअर ऑइलच्या वासाचं आलं तर गिअरबॉक्सचं पुढचं. दोन्हींत काम तेच, दोन तुकडे करण्याचं. काही ट्रॅक्टरांना इथे रबरी बूच असतं, ते काढून दाखवायला सांगा. मालक आढेवेढे घेत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

आता जायचं कधी? सकाळी, आणि आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगायचं की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्याबरोबर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवा. कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा आणि परत या. गार इंजिन ज्या गोष्टी कबूल करतं, त्या गरम झालेलं इंजिन लपवतं. गार असताना रेडिएटरचं झाकण उघडता येतं (गरम असताना चुकूनही नाही). पाण्यावर तेलाची साय आहे का, पाणी गंजलेलं आहे का, ते बघा. मग ऑइलची काठी काढा. ऑइल काळं असण्यात काही गैर नाही, डिझेलचं ऑइल काही तासांतच काळं होतं. दुधाळ असेल तर आत पाणी जातंय. पातळी खुणेच्या बरीच वर आणि डिझेलचा वास येत असेल तर फ्यूल पंपातून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, आणि पातळ झालेल्या त्या ऑइलवर चाललेल्या बेअरिंगांची हमी कोणी देऊ शकत नाही. ऑइल अगदी मधासारखं स्वच्छ दिसलं तर तो गुन्हा नाही, पण काल-परवा बदललंय एवढं लक्षात ठेवा. जुनं ऑइल काय सांगत होतं ते आता कळणार नाही.

मग हीटर देऊन सेल मारायला सांगा. सुरुवातीचे काही क्षण पांढरा धूर निघाला तर चालतं, थंडीत तर निघतोच. गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत असेल तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा पाणी, या तिघांपैकी एक. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोडवर काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर बघा, अर्ध्या वेळा दोष तिथेच निघतो. इंजिन सावकाश चालू असताना ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं, सैल ठेवा. जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. भकाभका वाफ येऊन ते उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही तीन-चार मिनिटं, आणि त्यात कानापेक्षा डोळ्यांचं आणि नाकाचं काम जास्त.

ट्रॅक्टर कसा चालू केला जातो, तेही बघा. स्टार्टरच्या टर्मिनलवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून कोणी चालू करत असेल, तर तुम्ही चाकापासून लांब उभे रहा. गिअर पडलेला असताना ट्रॅक्टर चालू होऊ नये म्हणून क्लचला किंवा न्यूट्रलला एक सेफ्टी स्विच असतो. पाना टेकवला की तो स्विच बाजूला पडतो आणि ट्रॅक्टर समोर उभ्या माणसाच्या अंगावर जातो. माणसं अशी गेली आहेत. स्विच किरकोळ वस्तू आहे, पण तो बदलायचं सोडून दोन वायरी पिळून काम भागवणाऱ्या मालकाने गिअर ऑइल कधी बदललं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

९०० तासांच्या आकड्याबद्दल. जुन्या यांत्रिक मीटरमधला तास घड्याळाचा नसतो. ते मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं आणि ठरावीक आरपीएमला तासाभराचा एक तास मोजतं. सावकाश चालवलं तर कमी, पळवलं तर जास्त. इलेक्ट्रॉनिक मीटर वेळ मोजतं, पण पॅनल बदललं की पुन्हा शून्य. तेव्हा मीटर वाचा आणि मग ट्रॅक्टरची झीज वाचा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का? लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या जोडणीच्या, खालच्या हातांच्या टोकाचे गोळे खुळखुळतात का? मागच्या ड्रॉबारचं (ओढायच्या दांड्याचं) गोल भोक लांबट झालंय का? पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवायला मागे निघालेल्या, शाफ्टवरच्या खाचांच्या कडा धारदार झाल्यात का? ९०० तासांत हे सगळं होत नाही. आणि समजा ३००० तास चाललेला निघाला, पण मालकाकडे फिल्टरच्या पावत्या आहेत आणि ग्रीसच्या निपलांवर ताजं ग्रीस आहे, तर तो मी शोरूमसारख्या चमकणाऱ्या ९०० वाल्याच्या आधी घेईन.

यानंतर चालवून बघा, आणि शेडभोवती एक चक्कर मारून थांबू नका. निदान अर्धा-पाऊण तास, जमलं तर गवत कापायचं किंवा मातीचं खरं काम. क्लचची सोपी परीक्षा अशी: मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, इंजिन थोडं वाढवा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून दुसऱ्याची प्लेट जाळू नका. पीटीओसाठी डबल क्लच असेल तर अर्ध्या दाबावर चाकं थांबतात, पूर्ण दाबावर पीटीओ. दोन्ही टप्पे स्वच्छ कळायला हवेत. उतारावर, इंजिनाचा ब्रेक लागत असताना गिअर आपोआप सुटतो का बघा. सुटत असेल तर सरळ घरी या.

गिअरवाला घ्यावा की हायड्रोस्टॅटिक, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये पंपाने ढकललेलं तेल मोटर फिरवतं, पायाच्या पेडलवर पुढे-मागे होतं, क्लचची कटकट नाही. लोडरचं काम आणि झाडांभोवती गवत कापणं यासाठी त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. पण इंजिनाची थोडी ताकद त्या तेलात खर्ची पडते, आणि पंप-मोटर झिजली की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. त्याची लबाडी अशी की गार असताना उत्तम चालतं. तेल गरम होऊन पातळ झालं की झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळतं. म्हणून आधी अर्धा तास काम करून तेल तापवा, मग चढावर न्या आणि पेडल हळू दाबा. चढता चढता दम सोडला, शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, तर फिल्टरवर ढकलणाऱ्याचं ऐकू नका. कधीकधी दोष खरंच फिल्टरचा असतो. मग त्याने तो बदलून दाखवावा, तुम्ही पुन्हा येऊन चढावर न्यावा. मला विचाराल तर नव्यात हायड्रोस्टॅटिक, जुन्यात गिअर. तुमच्याकडे नांगरणी जवळजवळ नाही हे धरूनही.

पुढचा ॲक्सल हा मिनी ट्रॅक्टरचा सर्वांत दुर्लक्षित भाग. लोडर असेल तर त्याच्यावर दुप्पट भार येतो, कारण लहान ट्रॅक्टरचं पुढचं टोक मुळात एवढं वजन पेलायला केलेलं नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. सील गळत असेल तर तेल आणि मातीचा चिकट थर लागेल, आत गवत किंवा तार गुंडाळलेलीही सापडेल. जॅक लावून पुढचं टोक उचला, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, खुळखुळ ऐका. ॲक्सल मधल्या ज्या पिनवर झुलतो, तिथे पहार घालून उचकून बघा. पिन आणि बुश झिजले असतील तर ॲक्सल पुढे-मागे सरकतो. हे बदलता येतं आणि त्यासाठी ट्रॅक्टर फोडावा लागत नाही, म्हणून यावर घासाघीस करा, पळून जाऊ नका. सील गळून आत पाणी गेलेलं असेल तर मात्र बेअरिंग आणि गिअर गंजलेले निघतात.

टायरची एक भानगड बहुतेकांना माहीत नसते. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील, असं गिअरचं प्रमाण मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे ती ट्रॅक्टरला ओढत राहतात. हा फरक थोड्या टक्क्यांचा असतो आणि तो टायरच्या मापावर बेतलेला असतो. कोणी मिळेल त्या मापाचे टायर चढवले की हिशेब चुकतो आणि पुढचे व मागचे गिअर एकमेकांशी भांडत बसतात. मऊ जमिनीत चाक घसरून हा ताण सुटतो. कठीण रस्त्यावर सुटत नाही, म्हणून तिथे फोर व्हील काढायचा असतो. टायरच्या अंगावरचं माप लिहून घ्या आणि त्या मॉडेलच्या मूळ मापाशी ताडून बघा. मागच्या चाकांत वजनासाठी पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरलेलं असू शकतं. व्हॉल्व्हच्या भोवती गंजाचे ओघळ दिसले तर ते द्रावण चाकाची रिंग खातंय.

हायड्रॉलिकची परीक्षा सोपी. मागे वजनदार अवजार लावा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि त्याच्याखाली कोणी जाणार नाही असं बघा. तासा-दोन तासांत थोडं उतरलं तर जुन्या ट्रॅक्टरला ते माफ. डोळ्यांदेखत उतरलं, किंवा इंजिन चालू असताना दर काही सेकंदांनी हिसका देऊन पुन्हा वर येत राहिलं, तर आतलं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. लोडरच्या सिलिंडरचे रॉड बोटाने चाचपा, खरवडलेला रॉड नवी सीलं पुन्हा पुन्हा खातो. बाहेरच्या सिलिंडरची सीलं मात्र किरकोळ काम. लोडर जिथे ट्रॅक्टरला जोडलाय, तिथल्या ओतीव डब्यांवर वेल्डिंग दिसलं, तर मी पुढे बोलतच नाही. ओतीव लोखंडाची वेल्डिंग नीट जमणं अवघड, आणि त्या डब्यांनाच मी वर कणा म्हटलंय.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत एकच असतं. म्हणजे त्यात पाणी गेलं तर गिअर, ब्रेक आणि पंप तिघांचं एकदम नुकसान. ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहिला की गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून पावसाचं पाणी आत झिरपतं, दमट हवेतलं पाणीही आत साचतं. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरात पाणी तळाला बसतं, म्हणून सकाळी तळाचा ड्रेन बोल्ट अर्धा आटा सैल करून पहिले काही थेंब कागदावर घ्या. आधी पाणी आलं तर कळलं. यासाठी मालकाची परवानगी लागेल, आणि चांगला मालक ती देतो. पाना तोच आणून देतो.

आता जपानी ट्रॅक्टरचा खरा मुद्दा. कुबोटा, यानमार, इसेकी, शिबाउरा, हिनोमोटो अशा नावांचे जुने मिनी ट्रॅक्टर जगभर फिरतात, आणि त्यांत दोन जाती आहेत. एक, कंपनीने तुमच्या देशात विकण्यासाठी बनवलेला. दुसरी, जपानमधल्या भातखाचरांसाठी बनवलेला आणि तिथे वापरून झाल्यावर व्यापाऱ्यांनी बाहेर आणलेला. रंग एकच, नाव एकच, पण आतले भाग सारखे असतीलच असं नाही, आणि मॉडेलचा क्रमांकही कंपनीच्या इथल्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही. कुबोटाच्या अशाच जुन्या आयात ट्रॅक्टरांचं प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने आयातबंदीचा निर्णय कायम ठेवला, आणि मालात खरा फरक आहे हे ठरवताना जपानी भाषेतली लेबलं, सुट्या भागांची व सर्व्हिसची अडचण या गोष्टी धरल्या होत्या. त्या देशातल्या कायद्याशी तुम्हाला देणंघेणं नसेल, पण अडचण तीच आहे. लिव्हरांवरची, पॅनलवरची अक्षरं जपानी असतील तर तुमचा ट्रॅक्टर बहुधा दुसऱ्या जातीचा. हे ट्रॅक्टर वाईट नसतात, मी स्वतः असा एक वर्षानुवर्षं चालवला. पण ते पाण्यात, चिखलात राबलेले असतात, म्हणून पुढच्या ॲक्सलची परीक्षा दुप्पट कडक करा. आणि व्यवहार ठरवण्याआधी प्लेटवरचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक घेऊन सुट्या भागांच्या दुकानात जा. विचारा तीनच गोष्टी: क्लच प्लेट, वॉटर पंप, पुढच्या ॲक्सलचं सील. तिन्ही मिळत असतील तर पुढे जा. "बघू, मागवून देऊ" असं उत्तर आलं तर किंमत कितीही कमी असो, गवत वाढायच्या दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहील याची तयारी ठेवा. क्रमांकाची प्लेटच खरवडलेली असेल तर कागदपत्रांचा विषयही काढू नका, सरळ परत या.

एचपीबद्दल फार काथ्याकूट नको. २२ एचपी तीन एकरांना पुरतो. पीटीओवर त्यातली सगळी ताकद पोचत नाही, आणि मागे लावायच्या गवत कापणीच्या रोटरी कटरला ढोबळमानाने रुंदीच्या दर फुटामागे पाच एचपी धरतात, म्हणजे तुम्हाला चार फुटी कटर. ओढायच्या कामात एचपीपेक्षा ट्रॅक्टरचं वजन कामी येतं. अलीकडच्या वर्षांतल्या जुन्या ट्रॅक्टरकडे वळलात तर एक बघा: अमेरिकी उत्सर्जन-नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ एचपीच्या वर कडक मर्यादा लागू झाल्या आणि तिथपासून धुराच्या फिल्टरची भानगड सुरू झाली. म्हणूनच बाजारात २४ पॉइंट काहीतरी एचपीचे इतके ट्रॅक्टर दिसतात.

पीटीओची गती मात्र तपासा. प्रमाण गती मिनिटाला ५४० फेरे, शाफ्ट ३५ मिलिमीटरचा, सहा खाचांचा. जपानी ट्रॅक्टरांत बहुधा दोन-तीन गती असतात आणि वरच्या गतीवर ५४० चं अवजार लावलं तर ते फुटतं. जुन्या मॉडेलमध्ये पीटीओ गिअरबॉक्सच्या मार्फत चालत असेल, तर क्लच दाबल्यावरही कटरचं जड पातं स्वतःच्या वेगाने फिरत राहतं आणि शाफ्टमधून उलटं ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. कुंपणाजवळ क्लच दाबून ट्रॅक्टर थांबला नाही की माणूस चक्रावतो. यावर पीटीओ शाफ्टवर बसणारा ओव्हररनिंग क्लच मिळतो, तो लावल्याशिवाय कटर चालवू नका. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर गायब असेल तर तेही पहिल्याच दिवशी. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. ओढणी, सदऱ्याचं टोक, पायजम्याची नाडी, काहीही अडकलं तर हात बटणापर्यंत पोचत नाही.

लिफ्टच्या हातांचं मापही बघून घ्या. हॅरी फर्ग्युसनने थ्री पॉइंटची, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडून उचलायची, कल्पना आणली आणि १९३९ च्या फोर्ड ९ एन ट्रॅक्टरमधून ती घरोघर पोचली. आज लहान ट्रॅक्टरांत कॅटेगरी १ चालते: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरच्या मधल्या दांड्याची, म्हणजे टॉप लिंकची, १९. अगदी छोट्या ट्रॅक्टरांना कॅटेगरी शून्य, १६ मिलिमीटरच्या पिना. जपानी बाजारातल्या काहींना कंपनीची स्वतःचीच जोडणी असते आणि तिला दुसरं अवजार बसत नाही. सोबत अवजार मिळत असेल तर तेच लावून, चालवून घ्या.

तुमची निम्मी जागा उताराची आहे, म्हणून मागच्या संरक्षक कमानीवर तडजोड नाही. भातखाचरातल्या ट्रॅक्टरांना ती अनेकदा नसते. कमान हवी, आणि कमान असेल तरच सीट बेल्ट. कमानीशिवाय बेल्ट बांधलात तर उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली स्वतःला बांधून घेतल्यासारखं होईल. कमान घरच्या वेल्डरकडून करून घेऊ नका, त्या मॉडेलसाठी तपासून बनवलेली मिळत असेल तरच ट्रॅक्टर घ्या. ओंडका ओढायचा झाला तर साखळी ड्रॉबारलाच बांधायची. टॉप लिंकच्या जागी किंवा सीटखाली बांधली की चाकं अडकल्यावर पुढचं टोक उचलतं, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद लागतो. लोडरची बकेट भरलेली असताना जमिनीलगत ठेवा आणि मागे वजन लावा. विकणाऱ्याकडे मागचं वजन असेल तर ते व्यवहारात मागून घ्या, बहुधा देतो.

बॅटरी, स्टार्टर, दिवे, सीट, रेडिएटरचे होज, नोझल, ब्रेकची ढिल यांची यादी करून किंमत पाडा. यांतल्या कशासाठीही ट्रॅक्टर दोन तुकडे करावा लागत नाही. दोन्ही ब्रेक पेडलं (डाव्या आणि उजव्या चाकाची) जोडून दाबल्यावर ट्रॅक्टर सरळ थांबतो का, तेवढं उतारामुळे नक्की बघा. एकीकडे ओढत असेल तर समायोजन बहुधा पुरतं.

व्यवहार झाला की पहिलं काम करण्याआधी इंजिन, गिअर-हायड्रॉलिक आणि पुढचा ॲक्सल या तिन्ही ठिकाणचं तेल आणि सगळे फिल्टर बदला, मालकाने काल बदललेत म्हणाला तरी. हायड्रॉलिकच्या आतली जाळीही काढून धुवा. जुना ऑइल फिल्टर फेकू नका, कापा, कागदाची घडी उलगडून उन्हात धरा. काळी धूळ असेल तर ठीक. चकाकणारे कण दिसले तर पन्नास तासांनी पुन्हा बदला आणि तो फिल्टरही कापून दोन्ही शेजारी ठेवून बघा. कण कमी झाले असतील तर जुनी साचलेली घाण निघून जातेय. वाढले असतील तर कुठलं बेअरिंग आहे ते शोधायला हवं, आणि त्यासाठी काय उघडावं लागेल ते मॉडेल कळवलंत तर सांगू शकेन.